‘वाफसा येऊ द्या’ म्हणजे वाट बघत बसणे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनचा पहिला पाऊस पडला की जिल्हा पानावर एक मथळा ठरलेला असतो : ‘पाऊस होऊनही पेरण्या खोळंबल्या’. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हातावर हात ठेवून बसलेला शेतकरी उभा राहतो. त्या चार दिवसांत निफाड, चांदवड, येवला, सिन्नर यांपैकी कुठल्याही शिवारात चक्कर मारली तर चित्र वेगळे दिसते. लोक रोज सकाळी रानात जातात, वाकतात, मूठभर माती उचलतात, दाबतात, टाकतात आणि परत येतात. ‘पेरणी कधी?’ असे विचारले की उत्तर एकच येते, ‘वाफसा येऊ द्या.’

हे उत्तर आळसाचे नाही आणि नशिबावर हवाला ठेवण्याचेही नाही. आमच्या भागातल्या माणसाची कामाकडे, आणि खरे तर जगण्याकडेच, बघण्याची रीत या तीन शब्दांत आहे. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी लिहितो आहोत.

वाफसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन पेरणीजोगी होणे. बोलताना बहुतेक जण ‘वापसा’ म्हणतात, लिहिताना ‘वाफसा’. तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की वाफ निघते, ती वाफ या शब्दात आहे. जुनी माणसे याच अर्थाने ‘घात’ म्हणतात : घात आली, घात साधली, घात गेली. ही ‘ती घात’. दगाफटक्याचा ‘तो घात’ निराळा. बातम्यांमध्ये मात्र या दोन्ही शब्दांच्या जागी ‘पुरेसा ओलावा’ असे छापले जाते आणि सगळी गफलत तिथेच होते. ओलावा म्हणजे नुसते पाणी. वाफसा म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही. चांगल्या जमिनीचा साधारण निम्मा भाग घट्ट असतो, म्हणजे मातीचे कण आणि कुजलेला पालापाचोळा. उरलेला निम्मा भाग पोकळीचा. त्या पोकळीत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असते तेव्हा वाफसा. पाऊस पडून गेल्यावर लगेच सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या क्षणी जमिनीत ओलावा सर्वात जास्त असतो आणि वाफसा मुळीच नसतो. ‘पाऊस झाला तरी पेरणी का नाही’ याचे उत्तर एवढेच आहे.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. रानाच्या मधोमध जावे, बांधाजवळची माती घेऊ नये, कारण तिथे पाणी साचते किंवा सावली असते. वरची सुकलेली माती बाजूला सारून चार-पाच बोटे खालची माती मुठीत घ्यावी आणि घट्ट दाबावी. मूठ उघडल्यावर गोळाच बनत नाही, माती बोटांतून सांडते, तर ओल कमी आहे. गोळा बनला, तर तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. पडून चपटा झाला, ‘थप’ असा आवाज आला, हाताला चिकट लेप राहिला, तर अजून थांबायचे. पडल्यावर फुटला आणि त्याची लहान लहान खडी झाली, तर वाफसा आला. तळहाताला नुसता गारवा लागावा, पाणी लागू नये. दुसरी खूण पायाची. अनवाणी दहा पावले चालावे. तळव्याला माती चिकटून पाय जड झाला तर वाफसा नाही. तिसरी खूण औताची : फाळामागे माती भुरभुरत पडली पाहिजे, चकचकीत कापलेली वडी पडता कामा नये. एका रानात तीन-चार ठिकाणी बघावे लागते. उताराच्या वरच्या अंगाला वाफसा आलेला असतो तेव्हा खालच्या अंगाला पाय रुततो, आणि पेरणी वरून सुरू करून खालच्या पट्ट्यासाठी एक दिवस थांबण्यात काहीच कमीपणा नसतो.

नाशिक शहरात गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले, एवढे ऐकले की नदीकाठच्या माणसाला काय उचलायचे आणि काय राहू द्यायचे ते कळते. शिवारात हेच काम मूठ करते.

किती दिवसांत वाफसा येतो, हे पावसापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून असते. मुरमाड, हलक्या रानात साधारण एक-दोन दिवसांत येतो आणि दोन-तीन दिवसांत निघूनही जातो. मध्यम जमिनीला दोन-तीन दिवस लागतात. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत चार-पाच दिवस, ढगाळ हवा असेल तर आठवडाही लागतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या पडलेल्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जायला वाट उरत नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच पावसावर, टेकडीकडच्या शेतकऱ्याची पेरणी उरकलेली असते आणि नदीकडचा अजून मूठ दाबत असतो. बातमीत त्याला ‘खोळंबा’ म्हणतात. तो खोळंबा नाही, जमिनीचा फरक आहे.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हा आकडा का, ते मात्र क्वचितच छापून येते. काळी जमीन दर सेंटीमीटर खोलीला साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी पिकाच्या उपयोगासाठी धरते आणि उन्हाळाभर भाजलेली जमीन त्याहूनही जास्त पिते. म्हणजे २० मिलिमीटरची एक जोरदार सर झाली, गावात चिखल झाला, ओढ्याला पाणी आले, तरी रानात ओल जेमतेम चार बोटे गेलेली असते. त्याखाली कोरडीठाक, तापलेली माती. या वरवरच्या ओलीतही मुठीचा गोळा बनतो आणि नीट फुटतो. नवखा माणूस इथेच फसतो. म्हणून मुठीआधी कुदळ घालून बघायची असते. वीत-दीड वीत खोल माती ओली लागली, खालच्या ओलीला वरची ओल मिळाली, तर मुठीची परीक्षा खरी. नाहीतर दाणा फुगतो, कोंब निघतो, चार दिवस ऊन पडले की ओल वर-खाली दोन्हीकडून ओढली जाते आणि कोंब जागच्या जागी वाळतो. दुबार पेरणीतल्या बऱ्याच पेरण्या याच चार बोटांच्या ओलीवर झालेल्या असतात.

आता उलट बाजू. ओल भरपूर आहे, आभाळ भरून आले आहे, ‘आजच उरकून घेऊ’ म्हणून ओल्या रानात तिफण, म्हणजे तीन फणांचे पेरणीचे औत, घातली तर काय होते? पहिली गोष्ट तिफणीच्या नळ्यांत दिसते. फणाच्या टोकाला चिखल बसतो, नळी तळाशी बुजते, चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणाऱ्याच्या हातातून दाणे जात राहतात पण जमिनीत पडत नाहीत. वीस-पंचवीस पावले गेल्यावर नळी भरून दाणे वर दिसू लागतात तेव्हा कळते. तोवर तेवढी ओळ रिकामी गेलेली असते, आणि नळी मोकळी करताना साठलेले दाणे एकाच जागी ढिगाने पडतात. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात हे कळायला आणखी उशीर लागतो, कारण मागे बघणारे कुणी नसते. दुसरी गोष्ट सरीची. ओल्या मातीत फण चालला की सरीच्या दोन्ही भिंती गिलावा केल्यासारख्या चोपड्या होतात. माती दाण्यावर पडून झाकत नाही, फट उघडीच राहते. तिसरी गोष्ट सोयाबीनवाल्यांना चांगली माहीत आहे. सोयाबीनचा दाणा तीन ते पाच सेंटीमीटर खोल पडला पाहिजे. तो उगवताना आपली दोन्ही दळे मानेवर घेऊन, मान वाकवून वर येतो. ओल्यात पेरून वर ऊन पडले की जमिनीवर पापडी धरते. पापडीखाली ती वाकलेली मान अडते आणि मोडते. उकरून बघितले तर शेकडो कोंब जमिनीखाली वेटोळे घालून पडलेले दिसतात. लोक बियाण्याला बोल लावतात. पुष्कळदा बियाणे चांगले असते, पेरणीचा दिवस चुकलेला असतो.

सर्वात मोठे नुकसान लगेच दिसत नाही. भारी जमिनीत वाफसा नसताना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर फिरवला की सहा-आठ इंच खाली मातीचा कठीण थर बसतो. मुळ्या त्याच्यापर्यंत जाऊन आडव्या वळतात, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच रानात वाफसा आणखी उशिरा येतो. म्हणजे एका वर्षाची घाई पुढची कित्येक वर्षे दिवस खाते. हा थर फोडायला सबसॉयलर चालवतात, पण तोही एप्रिल-मेच्या कोरड्या जमिनीतच. ओल्यात चालवला तर थर तडकत नाही, नुसती सुरीने कापल्यासारखी चीर पडते आणि ती पुन्हा मिटते. ओल्यात नांगरलेल्या रानाची ढेकळेही तशीच. वाळल्यावर विटेसारखी होतात. वखराची एक पाळी पुरली असती तिथे तीन पाळ्या घालाव्या लागतात आणि तरी रान भुसभुशीत होत नाही.

मराठीत घाईला ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणतात आणि उशिराला ‘वरातीमागून घोडे’. या दोन म्हणींच्या मधली जागा वाफशाची आहे. ती जागा अरुंद आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. वाफसा येतो तसा जातो. मृगात कडक ऊन पडले तर मुरमाड रानातला वाफसा दोन दिवसांत वरच्या थरातून उडतो. भारी रानात तो आला-आला म्हणेपर्यंत पुढचा पाऊस येतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. म्हणून ‘वाफसा येऊ द्या’ म्हणणाऱ्या माणसाचे बाकीचे सगळे तयार असते, किंबहुना असलेच पाहिजे. घरचे सोयाबीन असेल तर मे महिन्यातच उगवण तपासायची. गोणपाट भिजवून पसरायचे, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे आणि रोज पाणी शिंपडायचे. सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. सत्तरच्या खाली आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. साठच्याही खाली गेले तर ते बियाणे पेरणीला घेऊच नये. तिफणीचे फण, नळ्या, पेरणीयंत्राच्या चकत्या हे सगळे आधी तपासायचे. उताराला आडवे चर काढून ठेवायचे. एक गोष्ट मात्र आधी करायची नसते, ती म्हणजे जिवाणूंची बीजप्रक्रिया. बुरशीनाशक आधी चोळले तरी चालते. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम, दर दहा किलो बियाण्याला, शेवटी लावायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. ढग गडगडले म्हणून आदल्या रात्री सगळ्या गोण्यांना जिवाणू लावले आणि नंतर आठ दिवस झड लागली, की बियाणे दमट होते, जिवाणू मरतात आणि उगवणही घटते. वाफसा आलेल्या सकाळीच ते काम.

थांबणे आणि तयार असणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वेळी करायची, असा या बोलण्याचा अर्थ आहे. शहरातल्या वाचकांपर्यंत तो पोहोचत नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

शिवाराबाहेरही हे बोलणे चालते. भाऊबंदकीत बांधाचा किंवा वाटणीचा विषय निघाला, आवाज चढले, की एखादा जाणता माणूस म्हणतो, ‘आज नको. जरा वाफसा येऊ दे.’ तो विषय टाळत नसतो. ओल्यात नांगर घातला तर ढेकूळ निघते आणि ते वर्षभर फुटत नाही, हे त्याला ठाऊक असते. हाच माणूस चार दिवसांनी स्वतः चहाला बोलावून विषय काढतो, कारण फार दिवस गेले तर जमीन इतकी कडक होते की फाळ लागत नाही, हेही त्याला ठाऊक असते. पोराचे लग्न ठरवताना, विहिरीच्या कामाला हात घालताना, कर्ज काढताना हा शब्द येतो. ‘थांब’ एवढेच सांगायचे असते तर ‘थांब’ म्हणता आले असते. ‘वाफसा’ म्हटले की रोज जाऊन बघण्याची जबाबदारी त्याबरोबर येते.

वाफसा येतो तसा आणताही येतो, ही बाजू तर बातम्यांत कधीच नसते. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरले की जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावर वाफसा लवकर येतो. पाऊस ओढला तर त्याच सरीत पाणी मुरते. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत यांनी मातीचे कण एकत्र येऊन त्यांच्यामध्ये पोकळ्या तयार होतात. गांडुळांची बिळे पाण्याला खाली आणि हवेला आत जायला वाट देतात. पिकांचे अवशेष जाळले की हे सगळे जाते. कांद्याची रोपवाटिका हे याचे चांगले उदाहरण. खरिपाच्या कांद्याचे रोप ऐन पावसाळ्यात टाकावे लागते. सपाट वाफ्यात टाकले तर दोन दिवस पाणी साचले तरी बुडाशी रोप कुजते, मर लागते आणि वाफ्यात टकलासारखे गोल पट्टे दिसू लागतात. म्हणून एक मीटर रुंद, तीन मीटर लांब, पंधरा सेंटीमीटर उंच गादीवाफे करतात. ती पंधरा सेंटीमीटर उंची म्हणजे वाफशासाठी हाताने तयार केलेली जागा. एकरभर लागवडीला दोन गुंठे रोपवाटिका लागते. तेवढ्या दोन गुंठ्यांत आळस केला तर सगळा हंगाम त्याची भरपाई करत बसतो.

तणाचेही तसेच. वाफशावर कोळपे चालवले तर तण मुळासकट सुटते आणि उन्हात वाळते. ओल्यात खुरपले तर उपटून टाकलेले तणही पुन्हा जीव धरते. जमीन कोरडी झाल्यावर कोळपले तर ढेपळे उचलली जातात आणि पिकाच्या मुळ्या तुटतात.

गव्हाला पाऊस नसतो, तरी वाफसा सुटत नाही. निफाडचा पट्टा गव्हाचा जुना पट्टा आहे, कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रान आधी पाणी देऊन ओलवतात, वाफशाची वाट बघतात, वखराची पाळी घालतात आणि मग पाच-सहा सेंटीमीटर खोल पेरतात. कोरड्यात पेरून वरून पाणी देणे सोपे वाटते, पण भारी जमिनीत पाणी दिल्यावर वर पापडी येते आणि उगवण विरळ होते.

द्राक्षबागेत तर वाफसा बाराही महिने पाळावा लागतो आणि इथे चूक माणसाच्या हातून होते, आभाळाच्या नाही. ठिबक आल्यापासून पाणी देणे म्हणजे कॉक फिरवणे एवढेच राहिले. वेलीची पाने पिवळी पडली, शिरा हिरव्या राहिल्या, की लोह कमी पडले असे धरून फेरस सल्फेट सोडले जाते. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण बोद, म्हणजे वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा, सतत गच्च ओला राहिला की ते मुळीला घेता येत नाही. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर बोद हाताने उकरून बघावे. पांढरी, लुसलुशीत, तुटली तर कट्कन तुटणारी मुळी दिसली तर बाग वाफशावर आहे. मुळी तपकिरी, साल सुटणारी, बोटांत धरली की साल हातात आणि आतला दोरा वेलीकडे राहणारी दिसली, मातीला आंबूस वास आला, तर तिथे हवा नाही. अशा वेळी आणखी काही सोडण्याऐवजी ठिबक बंद ठेवणे, दोन ओळींमधला चर खोल करून पाणी बाहेर काढणे आणि बोदाचा वरचा थर हलक्या हाताने मोकळा करणे एवढेच काम असते. काळ्या जमिनीत एका दमात सहा तास ठिबक चालवण्यापेक्षा तेच पाणी दोन-तीन वेळांत विभागून दिले तर मधल्या वेळात हवा आत येते. ज्यांच्याकडे टेन्शिओमीटर, म्हणजे जमिनीतल्या ओलीचा ताण मोजणारे उपकरण, आहे त्यांनी तो फूटभर खोल बसवावा. काटा शून्य ते दहा सेंटीबारमध्ये दिवसेंदिवस अडकून राहिला तर मुळी गुदमरते आहे. दहा ते तीसच्या दरम्यान वाफसा समजावा. उपकरण नसेल तरी मूठ आहेच.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचे वाचक आम्हाला वेड्यात काढतील. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, वाफसा नको, उभ्या पाण्यात चिखलणी हवी. भाताच्या रोपात पानापासून मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून त्याची मुळी पाण्याखाली श्वास घेते. सोयाबीनला, मक्याला, कांद्याला, द्राक्षाला ती सोय नाही. एकाच जिल्ह्यात एका टोकाला चिखल मुद्दाम केला जातो आणि दुसऱ्या टोकाला तो टाळण्यासाठी आठवडा काढला जातो. ‘जिल्ह्यात सरासरी इतके मिलिमीटर पाऊस’ या ओळीतून पेरणीचा काहीच अंदाज का लागत नाही, ते यावरून दिसेल.

नुकसानीच्या मोजमापातही हाच प्रश्न आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पण रोज १५-२० मिलिमीटर पाऊस पंधरा दिवस पडत राहिला तर ६५चा आकडा एकदाही गाठला जात नाही, आणि पंधरा दिवसांत एकदाही वाफसा येत नाही. पीक उभ्या-उभ्या पिवळे पडते, मुळी कुजते, कांद्याला पीळ पडतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानली आणि सलग पाच दिवस, दररोज किमान १० मिलिमीटर असा निकष ठेवला. शेतकरी ‘वाफसाच मिळाला नाही’ म्हणत होते, तेच हे. कागदावर यायला इतकी वर्षे लागली, याचे एक कारण आमच्या मते असे की कागदावर फक्त पडलेले पाणी मोजले जात होते, जमिनीत हवा उरली की नाही हे कुणी विचारत नव्हते.

हा शब्द देशभर गेला आहे. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी नैसर्गिक शेतीचे जे चार आधार सांगितले त्यात बीजामृत, जीवामृत, आच्छादन यांच्याबरोबर चौथा वाफसा आहे. आंध्र प्रदेशातल्या नैसर्गिक शेतीच्या कागदपत्रांत तो भाषांतर न करता, जसाच्या तसा वापरला जातो. तेलुगू शेतकऱ्याला जो मराठी शब्द समजतो, तो मराठी दैनिकाने ‘समाधानकारक ओलावा’ असा बदलून का छापावा?

आमची विनंती मोठी नाही. पावसाळ्यात आपण तालुकानिहाय पर्जन्यमानाचा तक्ता छापता, तो उपयोगी आहे. त्याखाली वाफशाच्या दोन ओळी द्याव्यात. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागणार नाही. आपले तालुक्याचे वार्ताहर रोज शेतकऱ्यांशी बोलतातच, त्यांनी हलक्या रानातल्या एकाला आणि भारी रानातल्या एकाला मूठ कशी पडते एवढे विचारावे. मंडळनिहाय पाऊस उपलब्ध असतो, तो आणि शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले हे जोडले की पुरे. नमुना असा असावा : ‘येवला – चार दिवसांत ८२ मिलिमीटर, दोन दिवस उघडीप. मुरमाड रानात वाफसा आला. काळ्या रानात गोळा अजून चपटा पडतो, दोन दिवस थांबावे.’ आणि वाफसा येण्याच्या दिवसांत ‘खोळंबल्या’ हा शब्द मथळ्यातून काढावा. पाऊसच नसेल तेव्हा तो जरूर वापरावा.

मृग ७-८ जूनच्या सुमारास निघतो. त्याआधी हे सुरू झाले तर यंदाच्या पेरणीला कामी येईल.

आपले,
निफाड व चांदवड तालुक्यांतील काही शेतकरी वाचक
जि. नाशिक